कडक फाउंडेशनची हौस

पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानात ‘फाउंडेशन’ मागितलं, की काउंटरवर रबर आणि लोखंडाचा एक ओबडधोबड गोळा येऊन पडतो. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये त्याला माउंट म्हणतात. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून जो दीडेकशे किलोचा ऐवज बॉनेटखाली असतो, तो गाडीच्या सांगाड्याला थेट बोल्टनं आवळलेला नसतो. अशा तीन-चार रबरी टेकूंवर तो तोललेला असतो. काही वर्षांनी हे रबर चिरतं, दबतं, लोखंडापासून सुटतं. मग गिअर टाकताना ‘धप्प’ असा आवाज येतो, क्लच सोडताना गाडी हिसका देते आणि मालक गॅरेज गाठतो. इथवर कुणाचं भांडण नाही. वाद पुढे सुरू होतो: कंपनीचं तेच मऊ रबर पुन्हा बसवायचं, की आता उघडलंच आहे तर कडक पॉलियुरेथेन घालून टाकायचं?

हौशी चालकांमध्ये सध्या दुसऱ्या पर्यायाची चलती आहे. लाल-पिवळे-काळे पॉलियुरेथेनचे बुश ऑनलाइन मिळतात, त्यातले काही बसवायला फार वेळ लागत नाही आणि सस्पेन्शनला किंवा टर्बोला हात घालण्याच्या मानानं खर्चही किरकोळ. बसवल्याबरोबर गाडी ‘टाइट’ वाटते. हा फरक खरा असतो, मनाचे खेळ नसतात. तरीही रोज ऑफिसला, मुलांच्या शाळेला आणि सणावाराला गावी जाणाऱ्या गाडीसाठी हा सौदा बहुतेक वेळा आतबट्ट्याचा ठरतो. त्यात काय गमवावं लागेल हे पैसे मोजणाऱ्याला आधी कुणी नीट सांगत नाही, ही खरी तक्रार आहे.

आधी फायद्याची बाजू, कारण ती नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं त्याच ठोकळ्यात असतं. ११० न्यूटन-मीटर टॉर्क देणारं एखादं साधं पेट्रोल इंजिन घेऊ. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि फायनल ड्राइव्हचं ४.१ धरलं, तर चाकांपर्यंत जाताना हा पीळ चौदा पटींहून जास्त वाढतो, म्हणजे दीड हजार न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. चाकं जितक्या जोरानं पुढे फिरतात, तितक्याच जोरानं इंजिन-गिअरबॉक्सचा अख्खा ठोकळा मागे कलंडू पाहतो. अर्ध्या मीटरच्या अंतरावरून हा पीळ अडवायचा तर सुमारे ३०० किलो वजनाएवढा जोर लागतो. हे काम त्या गोळ्याचं आणि त्याच्या भावंडांचं. बऱ्याच गाड्यांत त्यातला मोठा वाटा गिअरबॉक्सच्या बाजूच्या फाउंडेशनवर आणि खालच्या टॉर्क रॉडवर येतो. हा टॉर्क रॉड म्हणजे दोन टोकांना रबरी बुश असलेला, हाडाच्या आकाराचा आखूड दांडा.

रबर मऊ, तितका ठोकळा जास्त डोलतो, आणि हे डोलणं चालकाला लगेच जाणवतं. क्लच सोडला की आधी ठोकळा कलंडतो आणि मग गाडी निघते. ट्रॅफिकमध्ये सरपटताना अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की मानेला हिसके बसतात. गिअरचा दांडा सळ्यांनी गिअरबॉक्सला जोडलेला असेल, तर तोही हातात नाचतो आणि घाईत गिअर चुकतो. पावसाळ्यात चढावर जोरात निघताना चाक घसरतं, पकडतं, पुन्हा घसरतं. चाकाच्या या उड्या एकदा सुरू झाल्या, की डोलणारा ठोकळा त्यांना खतपाणी घालतो आणि प्रकरण ड्राइव्ह शाफ्टचे सांधे निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतं. कडक फाउंडेशन हे सगळं खरोखर कमी करतं. गिअर नेमका, खटकन बसण्याचं सुख ज्याला कळतं, त्याच्या हौसेला नावं ठेवण्याचं कारण नाही.

मग गाड्या बनवणाऱ्यांनी मऊ रबर घातलंच कशाला? ‘पैसे वाचवायला’ असं उत्तर अनेक गॅरेजांत ठोकून दिलं जातं. इतिहास याच्या बरोबर उलट आहे.

सुरुवातीच्या काळात पुष्कळ मोटारींचं इंजिन चॅसिसला सरळ बोल्टनं आवळलेलं असे. चार सिलिंडरचं इंजिन असलं, की त्याचा प्रत्येक स्फोट प्रवाशाच्या पाठीपर्यंत पोचे. १९३१ मध्ये मंदीनं अमेरिकेचा बाजार झोपला होता. शेवरोलेकडे १९२९ पासून स्वस्तातलं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, तर क्रायस्लरच्या प्लिमथकडे चारच सिलिंडर. सहाच्या तोडीचा मऊपणा चारमध्ये आणायचा कसा? क्रायस्लरच्या अभियंत्यांचं उत्तर ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावानं प्लिमथच्या पीए मॉडेलमध्ये बाजारात आलं. त्यांनी इंजिन दोन ठिकाणी रबरावर तोललं. पुढचा टेकू उंचावर, पाण्याच्या पंपाखाली. मागचा खाली, गिअरबॉक्सच्या बुडाशी. दोन्हींना जोडणारी रेषा ठोकळ्याच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशा बेतानं जागा ठरवल्या होत्या. त्यामुळे इंजिनाला स्वतःच्या स्वाभाविक अक्षाभोवती डोलायची मुभा मिळाली, आणि ते डोलणं हाताबाहेर जाऊ नये म्हणून बाजूला पाट्याची एक स्प्रिंग लावली. आठ सिलिंडरचा मऊपणा आणि चारची काटकसर, अशी त्याची जाहिरात होती.

वॉल्टर क्रायस्लर यांनी कारखान्यातून निघालेली तिसरी गाडी स्वतः हेन्री फोर्ड यांच्याकडे नेली, त्यांना फिरवून आणलं, गाडी तिथेच भेट दिली आणि आपण टॅक्सीनं परतले, असा किस्सा सांगतात. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएंनं हे तंत्र परवान्यावर घेतलं आणि आपल्या गाड्यांच्या तोंडावर राजहंसाचं चिन्ह लावलं. रबराचा टेकू तेव्हा लपवायची नव्हे, मिरवायची गोष्ट होती. गिअरबॉक्सच्या बुडाशी असलेला तो मागचा टेकू हाच आज कडक करायला निघालेल्या भागाचा पूर्वज.

आता थोडा हिशेब. तो ढोबळ आहे, पण त्याच्याशिवाय हा वाद नुसत्या मतामतांचा राहतो. रबरावर ठेवलेल्या ठोकळ्याला स्वतःची एक डोलण्याची लय असते, सेकंदाला ठरावीक वेळा. इंजिनाचे हादरे या लयीच्या साधारण १.४ पटींहून वेगवान असतील तरच रबर ते अडवायला लागतं. त्याच्या खाली रबर अडवत तर नाहीच, उलट हादरा वाढवून पुढे पाठवतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर आयडलिंग करत असेल, तर दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला २५ हादरे. ठोकळ्याची लय १२ धरू. अशा वेळी हादऱ्याच्या जोराचा जेमतेम ३० टक्के भाग बॉडीत उतरतो. आता सगळी फाउंडेशनं दुप्पट ताठर करा. लय १७ वर जाते आणि बॉडीत उतरणारा भाग ८५ टक्के होतो. चौपट ताठर केली तर लय २४ वर, म्हणजे २५ हादऱ्यांच्या अगदी खेटून येते. तिथे अनुनाद सुरू होतो: आरसा धूसर दिसायला लागतो, डॅशबोर्ड किणकिणतो, स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला मुंग्या येतात.

फक्त एकच फाउंडेशन बदललं तर परिणाम अर्थात कमी होतो, आणि रबराचं स्वतःचं डॅम्पिंगही थोडी लाज राखतं. पण दिशा हीच. एक गंमत मात्र लक्षात घ्यावी. इंजिनाचा वेग वाढला की हादरे लयीच्या खूप वर निघून जातात आणि कडक फाउंडेशनसुद्धा बऱ्यापैकी अडवायला लागतं. म्हणून अशी गाडी हायवेवर, एका वेगात, पुष्कळदा सुसह्य वाटते. टेस्ट ड्राइव्हला निघालेला मालक खूश होऊन परततो. खरी परीक्षा सिग्नलवर असते.

तीन सिलिंडरच्या गाडीत तर हे गणित आणखी अवघड होतं. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर तिचे हादरे सेकंदाला फक्त २० असतात. ठोकळ्याची लय तीच १२ असेल, तर निम्म्याहून जास्त हादरा आधीच आत येतो. फाउंडेशनं दुप्पट ताठर केली तर आपण थेट अनुनादाच्या अंगणात जाऊन उभे राहतो आणि हादरा दुपटीहून मोठा होऊन पोचू शकतो. शिवाय तीन सिलिंडरच्या रचनेत इंजिन पुढून-मागून झोकांड्या खातं ते वेगळंच. म्हणूनच अशा गाड्यांची फाउंडेशनं मुद्दाम मऊ ठेवावी लागतात.

भारताचा तीन सिलिंडरचा संसार जुना आहे. १९८३ ची मारुती ८०० तीन सिलिंडरची होती, ७९६ सीसी. नंतरची अल्टो ८००, क्विड, टियागो, चाकणला बनलेली पोलो, सगळ्या त्याच गोत्रातल्या. २०१३ मध्ये इथे आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टचं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन या बाबतीत बघण्यासारखं आहे. फोर्डनं त्यात हादरे मारण्यासाठी वेगळा बॅलन्स शाफ्ट घातलाच नाही. फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम थोडी असंतुलित ठेवून हादऱ्यांची दिशा वळवली आणि उरलेलं काम फाउंडेशनवर सोपवलं. अशा गाडीत कुणी ‘हे रबर फार लिबलिबीत आहे’ म्हणून कडक बुश ठोकला, तर तो कंपनीच्या अर्ध्या अभियांत्रिकीला बाहेरचा रस्ता दाखवत असतो.

हे सगळं रबराच्या आत कसं घडतं ते पाहायचं असेल, तर गॅरेजात काढून टाकलेला एखादा टॉर्क रॉड हातात घ्यावा. मोठ्या टोकाच्या बुशमध्ये रबर पूर्ण भरलेलं नसतं. मधल्या लोखंडी नळीच्या दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारख्या पोकळ्या असतात. बघणाऱ्याला वाटतं, इथे कंपनीनं रबर वाचवलं. प्रत्यक्षात त्या पोकळ्या हाच त्या भागाचा मेंदू आहे. आयडलिंगला नळी किंचित मागेपुढे होते, तेवढ्यात ती रबराच्या फक्त पातळ पायांवर झुलते आणि हादरा आत जात नाही. अॅक्सिलरेटर जोरात दाबला, की नळी पोकळी ओलांडून समोरच्या जाड रबरावर टेकते आणि तिथून पुढे रबर झपाट्यानं ताठ होतं. म्हणजे मऊ आणि कडक, दोन्ही फाउंडेशनं त्या एकाच बुशमध्ये असतात. बाजारात मिळणारे सर्वांत स्वस्त पॉलियुरेथेनचे तुकडे नेमके याच पोकळ्यांत ठोकून बसवायचे असतात. पोकळी भरली की मऊ टप्पा संपला. अमेरिकेत काही जण जुन्या बुशच्या पोकळीत काच चिकटवायचं पॉलियुरेथेन ओततात, आपल्याकडे कुणी टायरचा तुकडा कापून कोंबतो. जिन्नस वेगळे, नुकसान तेच.

बऱ्या गाड्यांत आणखी एक प्रकार असतो. इंजिनाच्या बाजूच्या फाउंडेशनमध्ये रबराच्या आत ग्लायकॉलचं मिश्रण भरलेलं असतं. मोठ्या धक्क्याला ते अरुंद वाटेनं एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ढकललं जातं आणि धक्का मरतो. बारीक थरथरीला मात्र ते आडवं येत नाही. हे फाउंडेशन फुटलं की खाली ओला डाग दिसतो. अशा वेळी बाजारातली स्वस्त नक्कल बसवली जाते, जी बाहेरून हुबेहूब तशीच दिसते पण आत थेंबभर द्रव नसतो. मग गाडी थरथरते, मालक वैतागतो, आणि कुणीतरी सल्ला देतो की कंपनीचं रबर असंच असतं, पॉलियुरेथेन घाला. चुकीवर चुकीचं ठिगळ.

विक्रेत्यांच्या दाव्यांकडेही जरा बारकाईनं बघायला हवं. पाकिटावर कडकपणाचा आकडा छापलेला असतो, शोअर ए या मापात. कंपनीचं रबर सर्वसाधारणपणे ५० ते ६० च्या आसपास असतं, पॉलियुरेथेन ७०, ८० किंवा त्याहून वर. ६० चे ८० झाले म्हणजे एक तृतीयांश वाढ, असा ग्राहकाचा समज होतो. पण शोअरचं माप सरळ रेषेत वाढत नाही. ६० वरून ८० वर जाताना द्रव्याचा ताठरपणा सुमारे अडीचपट होतो. ५० वरून ८० वर गेलात तर जवळजवळ चौपट. त्यावर पोकळी भरल्याचा परिणाम निराळा. इतक्या मिलिमीटरला इतके न्यूटन, असा ताठरपणाचा साधा आकडा मात्र पाकिटावर क्वचितच सापडतो, आणि खरा निर्णय त्याच आकड्यावर करायचा असतो. ‘थरथर थोडीशीच वाढते, काही दिवसांत रबर बसलं की कमी होते’ हे वाक्य मात्र सगळीकडे मिळतं. त्यात थोडं तथ्य आहे, नवा बुश थोडा रुळतो. पण बरंचसं रुळतं ते मालकाचं अंग.

डेसिबलचा पुरावाही असाच फसवा. हौशी लोक मोबाइलवर आवाज मोजतात आणि सांगतात, ‘बघा, दोनच डेसिबल वाढले.’ अशी अॅप बहुतेक वेळा ‘ए’ वजनाचं माप दाखवतात, म्हणजे माणसाच्या कानाला जे कमी ऐकू येतं ते हिशेबात कमी धरतात. या मापात १०० हर्ट्झचा आवाज १९ डेसिबलनं आणि ५० हर्ट्झचा ३० डेसिबलनं कमी मोजला जातो. कडक फाउंडेशन केबिनमध्ये आणतं ती घुमघुम बरीचशी याच पट्ट्यातली असते, आणि २०-२५ हर्ट्झची थरथर तर कानापेक्षा पाठीला, पायाला आणि हाताला कळते. अॅपला ती दिसत नाही, दोन तासांनी डोकं दुखायला लागलं की माणसाला कळते. वाहन उद्योगात आवाज, थरथर आणि खडबडीतपणा या तिन्हींचा मिळून एनव्हीएच नावाचा अभ्यास होतो. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत त्याची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, आणि तिथे सीटच्या रुळावर, स्टिअरिंगवर, पायाशी वेगवेगळे संवेदक लावून हे मोजतात, कारण एका मायक्रोफोननं भागत नाही.

या सगळ्यात ज्यांना विचारलंच जात नाही ते लोक म्हणजे गाडीत बसणारे इतर. गिअर खटकन बसल्याचा आनंद एकट्या चालकाचा. सिंहगड रोडवर एसी लावून सिग्नलला उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या आईला त्यातलं काही मिळत नाही, तिच्या वाट्याला नुसती थरथर येते. एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना इंजिनावर भार असतो आणि त्याचे हादरे जड होतात. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभी असेल, तर त्यात आणखी भर पडते. शहरातल्या गाडीच्या आयुष्याचा मोठा भाग याच अवस्थेत जातो. ज्या क्षणांत कडक फाउंडेशन उपयोगी पडतं, ते दिवसाकाठी मोजून काही सेकंद असतात. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते असतं, फक्त हौस करणाऱ्याच्या खिशातून जात नाही.

गाडीलाही ते चुकत नाही. चारांतलं एकच फाउंडेशन कडक केलं, की पीळ आधी त्याच्याकडे धावतो. बाकीची मऊ रबरं आपल्या जागी निवांत आणि सगळा मार एका ब्रॅकेटवर. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं असतं आणि फाउंडेशन बसतं ते त्याच्याच कानांवर. रबराऐवजी पूर्ण धातूचं फाउंडेशन घालणाऱ्यांच्या गाड्यांत हे कान किंवा सांगाड्याचा पत्रा तडकण्याचा धोका खरा असतो. अडीचशे-तीनशे रुपयांची बचत किंवा दहा मिनिटांची मजा यापायी गिअरबॉक्स उतरवायची वेळ यावी, हे काही शहाणपणाचं नव्हे.

शर्यतीच्या गाड्यांचा दाखला इथे हटकून दिला जातो, आणि तो खराही आहे. १९६७ मध्ये झँडव्हूर्टच्या डच ग्रां प्रीमध्ये जिम क्लार्क यांनी जिंकलेल्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन चालकाच्या पाठीमागच्या भिंतीला थेट बोल्टनं जोडलेलं होतं. मागचं सस्पेन्शन इंजिन आणि गिअरबॉक्सवरच टांगलेलं. इंजिन हाच गाडीचा सांगाडा, मध्ये रबराचं नावही नाही. फॉर्म्युला वनमध्ये आजही हीच पद्धत आहे. पण तिथला चालक कानात बोळे घालून दोन तासांत मोकळा होतो आणि त्याच्या गाडीला मागची सीट नसते.

रस्त्यावर चालणाऱ्या पण शर्यतीच्या रक्ताच्या गाड्यांनी काय केलं, ते जास्त उद्बोधक आहे. पोर्शेनं ९११ जीटी३ साठी २००९ मध्ये असं फाउंडेशन देऊ केलं, ज्यात लोहकण मिसळलेला द्रव असतो. चुंबकीय क्षेत्र लागलं की तो द्रव क्षणात घट्ट होतो. शांत चालवताना फाउंडेशन मऊ, जोरात वळण घेताना कडक. ग्राहक ट्रॅकवर जाणारा, गाडीची किंमत अफाट, तरीही पोर्शेला सरसकट कडक रबर ठोकून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. माझ्दाची एमएक्स-५ तर त्याहून साधी आणि स्वस्त. १९८९ पासून गिअरच्या नेमकेपणासाठी तिची वाहवा होते, पण ती कडक रबरामुळे नाही. तिथे गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल एका लांब अॅल्युमिनियमच्या चौकटीनं एकमेकांना जखडलेलं आहे, गिअरबॉक्सला वेगळं फाउंडेशनच नाही. पीळ त्या चौकटीतच जिरतो, दांडा डोलत नाही, आणि दोन टोकांची रबरं मऊ ठेवता येतात. चालकाला जे हवं ते रचनेतून दिलं, मागितली नाही ती थरथर दिली नाही.

कंपन्यांनाही मात्र पूर्ण माफी नको. शोरूममध्ये ‘किती शांत आहे बघा’ म्हणून गाडी विकायची असते, म्हणून काही मॉडेलांत टॉर्क रॉड इतका सैल ठेवलेला असतो, की नवी गाडीसुद्धा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके देते. वर, पाच-सात वर्षांनी फक्त बुश बदलायचा असताना अख्खा रॉड विकत घ्यायला लावायचं. हौशी माणूस पॉलियुरेथेनकडे वळतो त्यात या दोन्हींचा वाटा आहे. बुश सुटा मिळाला, वाजवी दरात मिळाला आणि त्याचा ताठरपणा छापलेला असला, तर अर्ध्या लोकांना पर्याय शोधावाच लागणार नाही.

कारण बहुतेक वेळा तुलनाच चुकीची होते. सात वर्षं चिरडलेल्या रबराची गाठ नव्या कडक बुशशी घालून दिली जाते आणि कडक बुश जिंकतो. ती गाठ नव्या मूळ रबराशी पडायला हवी. गाडी घट्ट करायची असेल त्यानं आधी फाउंडेशन गेलंय का, हे तपासून घ्यावं. बॉनेट उघडं ठेवून, पुढे कुणी उभं नाही हे बघून, ब्रेक घट्ट दाबून आधी पहिला आणि मग रिव्हर्स गिअर टाकायचा, क्लच जेमतेम चावेपर्यंत सोडायचा. ठोकळा थोडा कलंडणारच. पण उसळी मारून ‘ठक्’ आवाज करत असेल तर रबर संपलेलं आहे. ते मूळ प्रतीचं घालावं, आणि हजारभर किलोमीटर चालवून बघावं. एवढं करूनही मन भरत नसेल, ट्रॅकवर किंवा रॅलीत उतरायचं असेल, तर फक्त खालच्या टॉर्क रॉडचा बुश बदलावा, तोही बाजारातला सर्वांत मऊ पर्याय घेऊन. गिअरबॉक्सच्या आणि इंजिनाच्या वजन पेलणाऱ्या फाउंडेशनना हात लावू नये. तीन सिलिंडरची गाडी असेल, तर दोनदा विचार करावा.

आणि पैसे चुकते करण्याआधी एक चक्कर मारून भागत नाही. गॅरेजच्या दारातच एसी पूर्ण लावून, दिवे चालू ठेवून गाडी दहा मिनिटं उभी ठेवावी आणि मालकानं मागच्या सीटवर बसून बघावं, ऑटोमॅटिक असेल तर कुणाला तरी पुढे बसवून ‘डी’मध्ये. काढलेला जुना रॉड शाबूत असेल, तर तो तिथेच भंगारात न टाकता डिकीत घालून घरी आणावा.